झटका वाढलाय म्हणून पिस्तूल विकायच्या आधी चेंबर बघा

दादा, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. सहा महिन्यांपूर्वी घेतलेलं छोटं .३२ पिस्तूल, मग निवडणुकीच्या आचारसंहितेत दोन महिने पोलीस ठाण्यात जमा. परत आल्यापासून हातात उसळतंय, दर तिसऱ्या-चौथ्या राउंडला रिकामं काडतूस स्लाइडमध्ये, म्हणजे नळीवरच्या मागं-पुढं सरकणाऱ्या भागात, उभं अडकतंय. रेंजवरचे सर म्हणतात मनगट ढिलं आहे, दुकानदार म्हणतो हे विका आणि थोडं मोठं घ्या. आणि अगदी शेवटी तुम्ही सहज लिहिलंय, "जमा करताना कातडी होल्स्टरसकटच दिलं होतं." त्या एका ओळीसाठी मी हे एवढं लिहितोय. ह्याच ओळीपायी माझ्या वडिलांचं पिस्तूल गेलं.

आधी सांगून ठेवतो. मी शस्त्र दुरुस्त करणारा नाही, वकीलही नाही. उदगीरला आमची आडत आहे, सोयाबीन-तुरीची. हंगामात रोकड घेऊन फिरावं लागायचं म्हणून वडिलांनी परवाना काढला होता, त्यांच्यामागे तो रीतसर माझ्या नावावर झाला. परवाना, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, हातात घेतलं की मॅगझिन काढून दोनदा स्लाइड ओढून आत बोट घालून बघणं, हे सगळं तुम्हाला येतंच असं धरून पुढं लिहितो.

वडिलांचं पिस्तूल बेल्जियन, ब्राउनिंगच्या १९१० मॉडेलचं. वजन जेमतेम ५९० ग्रॅम, मॅगझिनमध्ये ७ राउंड. तुमचं नवं आहे, पण बहुतेक छोट्या .३२ पिस्तुलांचं तत्त्व तेच, ब्लोबॅक. नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकलेली नसतात. गोळी सुटते तेव्हा काडतुसाला मागं यायला थोपवतं ते फक्त स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगचा जोर. म्हणून गोळी लहान असूनही झटका टोचल्यासारखा लागतो. हिशोबच बघा: .३२ ची गोळी साधारण ४.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला २८० मीटरच्या आसपास. पिस्तूल ६५० ग्रॅमचं असेल तर ते तुमच्या हातात सेकंदाला सुमारे २ मीटर वेगानं मागं येणार, ४५० ग्रॅमचं असेल तर जवळजवळ ३ मीटरनं. दुकानात "किती हलकं आहे, हाताला लागतच नाही" म्हणून जे आवडतं तेच रेंजवर जास्त उसळतं. तेव्हा पुढं कधी निवडायची वेळ आली तर खिशात मावतंय का हे शेवटी बघा. आधी करंगळी मुठीवर बसते का हे बघा, स्लाइड न झगडता पूर्ण मागं येते का हे बघा.

पण एक लक्षात घ्या. वजन काही दोन महिन्यांत बदलत नाही. जमा करायच्या आधी तुमचं हेच पिस्तूल २० राउंड बिनतक्रार चाललं होतं, असं तुम्हीच लिहिलंय. मग मनगट दोन महिन्यांत ढिलं कसं झालं?

आता माझं सांगतो. २०१९ ची विधानसभा. मतदान २१ ऑक्टोबरला होतं, शस्त्र जमा करा म्हणून निरोप सप्टेंबरअखेर आला. त्याच आठवड्यात मी रेंजवर जाऊन आलो होतो. नळी साफ करायची राहिली होती. खळ्याची तयारी चाललेली, म्हटलं आल्यावर करू. पिस्तूल वडिलांच्या जुन्या कातडी होल्स्टरमध्ये घातलं, बटण लावलं, वर फडकं गुंडाळलं आणि नेऊन दिलं. माझी चूक ती एवढी.

तिथल्या माणसाला मी म्हणालो, साहेब, उघडून बघा आणि पावतीवर लिहा की गंज नाही, मॅगझिन दोन, काडतुसं इतकी. ते म्हणाले, एवढं लिहायला वेळ नाही, मागं रांग बघा. पावतीवर "पिस्तूल १ नग" एवढंच आलं. नंबरसुद्धा मी आग्रह धरला म्हणून लिहिला. खोलीच्या कोपऱ्यात लोखंडी कपाट, वर पत्रे, भिंतीला ओल आलेली. मी बघितलं आणि गप्प बसलो. बोलायला पाहिजे होतं.

त्या ऑक्टोबरात पाऊस कसा पडला ते तुम्हाला आठवत असेल. काढून ठेवलेल्या सोयाबीनला शेतातच कोंब फुटले. निकाल २४ तारखेला लागला, आचारसंहिता उठली, मी गेलो. ज्यांच्याकडे चावी ते बंदोबस्तात. पुन्हा गेलो, तर वरून पत्र आलं नाही म्हणाले. पुन्हा गेलो, साहेब रजेवर. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पिस्तूल हातात आलं. फडकं ओलसर होतं. होल्स्टरवर पांढरी बुरशी. आणि कातडं जिथं जिथं पोलादाला चिकटलं होतं तिथं तांबूस खडबडीत पट्टे.

कातडं कमावताना जी रसायनं आणि क्षार वापरतात ते त्यात राहतात. शिवाय कातडं ओल धरून ठेवतं. कमरेला दिवसभर चालतं, साठवायला नाही. रात्रभरसुद्धा नाही, असं मी आता म्हणतो. कुणी म्हणेल फार कडक नियम आहे. असू द्या.

तक्रार केली. मला विचारलं, जमा करताना गंज नव्हता ह्याचा पुरावा काय? पावतीवर लिहिलंय का? दोन वर्षं मी त्या एका प्रश्नापुढं उभा होतो. अर्ज दिले, पोचही मिळाली, उत्तर आलं नाही. वडील ते पिस्तूल दर अमावस्येला काढून पुसायचे. अजून मला त्या खोलीचा वास आठवतो.

पण तुमच्या कामाचा भाग पुढं आहे. वरचा गंज मी तेल लावून पुसला, दिसायला बरं झालं, आणि रेंजवर गेलो. तिसऱ्याच राउंडला रिकामं काडतूस उभं अडकलं. मग पुन्हा. तिथल्या शिक्षकांनी तेच सांगितलं जे तुम्हाला सांगितलंय. त्यांचं चूक नव्हतं, कारण लक्षणं सारखीच असतात. मनगट ढिलं असेल तर पूर्ण पिस्तूलच स्लाइडबरोबर मागं येतं आणि स्लाइडचा प्रवास अपुरा राहतो. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत, गंजाचे खड्डे असतील तर काडतुसाचं पितळ फुगून त्या खड्ड्यांत धरलं जातं, स्लाइड मंदावते, प्रवास अपुराच राहतो. बाहेरून दोन्ही एकच दिसतं.

आणि झटका वाढल्यासारखा का वाटतो? कारण आपला भरवसा उडतो. आता अडकणार, आता अडकणार, असं मनात घेऊन आपण गोळी सुटायच्या आधीच हात आवळतो, डोळे मिटतो, पिस्तुलाचं तोंड खाली दाबतो. मी सहा महिने मनगटाचा व्यायाम केला, मुठीला रबर लावलं, आणि प्रत्येक वेळी आणखी वाईट मारलं. ह्या रबरावरून आठवलं. काही जुन्या मॉडेलांत मुठीच्या मागच्या बाजूला सेफ्टी असते, मूठ आवळली तरच ट्रिगर चालतो. त्यावर सायकलची ट्यूब किंवा चिकटपट्टी कधीच गुंडाळू नका.

तुमचं मनगट की पिस्तूल, हे असं ओळखा. पहिलं, उडालेली रिकामी काडतुसं उचला आणि उन्हात धरून पितळेवर बघा. बारीक पुरळ उठल्यासारखे ठिपके किंवा उभे ओरखडे असतील तर चेंबर बोलतंय. दुसरं, रिकामं पिस्तूल उघडून नळीच्या मागच्या टोकातून टॉर्च मारा. तिसरं, स्प्रिंग काढून नुसती स्लाइड फ्रेमवर चढवा आणि वाकवा. आपल्या वजनानं सरकली पाहिजे, मधे कुठं अडखळली तर तिथं गंज किंवा दबलेली कड आहे. उघडताना डोळ्यावर चष्मा असू द्या. १९१० सारख्या पिस्तुलात स्प्रिंग नळीभोवती असते, तोंडाकडची कडी फिरवताना निसटली तर सरळ चेहऱ्यावर येते. चौथं, रेंजकडे त्यांचं स्वतःचं .३२ असेल तर त्याच हातानं ते चालवून बघा. ते नीट चाललं तर मनगटाचा विषय तिथंच मिटला.

हे सगळं स्वच्छ निघालं तरच स्वतःकडे बघा. शिक्षकांना सांगा, मॅगझिनमध्ये मधेच एखादं डमी, म्हणजे दारू नसलेलं, काडतूस टाका, कुठं ते मला सांगू नका. डमीवर ट्रिगर दाबला आणि पिस्तुलाचं तोंड खाली गेलं तर तुम्ही झटक्याला घाबरून आधीच दाबताय. त्याला औषध म्हणजे घरी रिकाम्या पिस्तुलावर, डमी घालून, रोज दहा मिनिटं सावकाश ट्रिगर दाबणं. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात. परवान्यावर लिहिली असतील तेवढीच काडतुसं आपल्याला मिळतात, त्यामुळं सराव असाच होणार. पकड उंच, अंगठा आणि पहिल्या बोटाची बेचकी मुठीच्या वरच्या टोकाला भिडलेली, पण स्लाइडच्या वाटेत नाही, नाहीतर कातडी सोलून निघते. डाव्या हाताचा तळवा मुठीची रिकामी बाजू भरून टाकेल असा. कोपर किंचित वाकलेलं, अंग पुढं झुकलेलं. जास्त जोर डाव्या हाताचा, म्हणजे उजव्याचं बोट मोकळं राहतं.

"शेतात दोन राउंड टाकून बघतो" असं जे लिहिलंय ते कृपा करून करू नका. आणि पुतण्याच्या वरातीत तर नाहीच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. वर गेलेली गोळी कुणाच्या तरी पत्र्यावर येतेच. त्याच दुरुस्तीत एका परवानाधारकाला जास्तीत जास्त दोन शस्त्रं ठरली. तुमच्याकडे आजोबांची बारा बोर बंदूकही आहे म्हणालात, म्हणजे दुकानदार म्हणतो ते मोठं घ्यायचं तर ह्या दोन्हींतलं एक सोडावंच लागेल. मेहुणे ९ एमएम सुचवतायत, ते विसरा. ९ बाय १९ हे निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे सामान्य माणसाला बंदी असलेल्या मापांत, येतं, साध्या परवान्यावर मिळत नाही. आणि काडतुसं घेताना पिस्तुलाची .३२ आणि रिव्हॉल्व्हरची .३२ लांब ह्यांची गल्लत होऊ देऊ नका. पहिल्याची केस १७ मिलिमीटरची, दुसऱ्याची २३. एकाचं दुसऱ्यात चालत नाही.

चेंबरमध्ये खड्डे सापडले तर पॉलिश पेपर लावू नका. मी लावला. खड्डा गेला नाही, चेंबर मात्र सैल झालं, आणि मग परवानाधारक कारागिराकडे नेलं तेव्हा त्यांनी मान हलवली. एवढ्या जुन्या बेल्जियन नळीला बदली मिळाली नाही. तुमचं नवं आहे, बनवणाऱ्या कारखान्याकडे दुकानामार्फत पाठवता येईल, म्हणून आत्ताच हात लावू नका. नुसता वरवरचा गंज असेल तर पितळी ब्रश, तेल, स्वच्छ सुती चिंदी, मागच्या टोकाकडून पुढं. दोन-तीन दिवस रोज.

रोजच्या देखभालीचं थोडंसं. आपल्याकडे तेल जास्त झालं की वाईट. मे महिन्यात ४२ अंशांत ते पातळ होऊन वाहतं, खळ्यावरची धूळ त्यात बसते आणि चिखल होतो. स्लाइडच्या खोबणीत दोन्हीकडे एकेक थेंब, बाकी पुसून फक्त ओशटपणा राहील एवढं. मॅगझिनच्या आत आणि काडतुसांवर तेल नको, काडतुसाच्या बुडाला ठोका बसतो त्या टोपीपर्यंत मुरलं तर राउंड फुसका जातो. रॉकेलनं मळ निघतो, पण तेलाचा थरही जातो. धुतलं की लगेच कोरडं करून तेल. खोबरेल लावणारे पुष्कळ आहेत आपल्याकडे, ते थंडीत गोठतं, लावू नका. शिलाई मशीनचं तेल अडीअडचणीला चालेल. घामानं ओला झालेला हात लागला की त्याच संध्याकाळी पुसा, बोटांचे ठसे गंजतात ते मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि पुढच्या वेळी जमा करताना. साफ करा, तेलाचा पातळ थर द्या, मेणकागदात गुंडाळा, झाकणाच्या प्लास्टिक डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. होल्स्टर घरी. नंबर दिसेल असे, नळीच्या आतलेसुद्धा, तारखेसह फोटो काढा. त्यांच्या पावतीत स्थिती लिहीत नसतील तर स्वतःच दोन प्रतींत अर्ज लिहून न्या: अमुक नंबर, गंज नाही, मॅगझिन इतकी, काडतुसं इतकी. एका प्रतीवर शिक्का घ्या. शिक्का मारायला बहुतेक ठिकाणी नाही म्हणत नाहीत. शस्त्र कायद्यात परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचीही सोय आहे, पण निवडणुकीत तुमच्याकडे ते मान्य करतात का हे आधी लेखी विचारा. जिल्ह्याच्या छाननी समितीकडे सूट मागता येते, रोकड ने-आण हे कारण मी मांडलं होतं, एकदा मिळाली, एकदा नाही. परत घेताना सही करायच्या आधी तिथंच टेबलावर उघडून बघा. रांग असली तरी.

वडिलांचं पिस्तूल शेवटी मी विक्रेत्याकडे जमा करून टाकलं. चालत नाही ते घरात ठेवून काय करायचं. त्यांचं होल्स्टर मात्र अजून आहे.

तुमच्या चेंबरचा फोटो, टॉर्च लावून, नंबर झाकून टाका. आणि दोन रिकाम्या काडतुसांचा जवळून. आज-उद्याच काढा, कारण दुकानातून कारखान्याकडे पाठवायचं झालं तर हमीच्या मुदतीच्या आत पाठवलेलं बरं.