मागच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवले तर गाडी लवकर थांबेल का? (2012 ची हॅचबॅक, एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, नाही)

नाही. जोरात पेडल दाबल्यावर चाकं लॉक होत असतील, म्हणजे फिरायची थांबून घसरत असतील, तर तुमचे ब्रेक टायरला पुरून उरतायत. त्यापुढचं काम टायर आणि रस्त्याचं. चांगल्या टायरवर कोरड्या डांबरावर 80 च्या वेगातून थांबायला साधारण 32 मीटर लागतात, ओल्यावर 50 च्या आसपास. पाय पेडलवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात 22 मीटर जातात, ते वेगळेच. मागे डिस्क लावून यातला एक मीटरही वाचत नाही.

उभ्या हॅचबॅकचं 60 टक्के वजन पुढच्या चाकांवर असतं. कडक ब्रेक मारला की ते 75 ते 80 टक्क्यांवर जातं. मागची चाकं हलकी होतात, त्यांना थोडा दाब जास्त झाला तरी लॉक होतात. पुढची लॉक झाली तर स्टिअरिंग चालत नाही, पण गाडी सरळ घसरते. मागची आधी लॉक झाली तर शेपूट पुढे यायला बघतं. म्हणून कंपनी मागच्या ब्रेकच्या तेलाच्या लाइनला प्रपोर्शनिंग व्हॉल्व्ह देते: ठरावीक दाबापुढे मागचा दाब पुढच्यापेक्षा हळू वाढतो.

सांगलीत अशीच बदललेली एक गाडी कामाला आली होती. तक्रार होती, पावसात अंकली पुलाकडे जाताना ब्रेक मारला की मागून फिरते. वर घेतली तर मागे दुसऱ्या गाडीचे पुढचे कॅलिपर (डिस्कला पकडणारे चिमटे), भंगारातले. त्यांना हँडब्रेकची सोयच नसते, त्यामुळे केबल तारेने बांधून ठेवलेली. पिस्टन मोठे, पेडलने तेल ढकलणारा मास्टर सिलिंडर मात्र जुनाच, म्हणजे तेल जास्त लागणार आणि पेडल खोल जाणार. कहर म्हणजे फिटरने दोन्ही व्हॉल्व्ह काढून थेट पाइप जोडलेला, "व्हॉल्व्ह ब्रेक खातो" म्हणून! अहो, मागचा ब्रेक खाणं हेच त्याचं काम. (या गाड्यांत लाइन तिरकी असते, उजवं पुढचं आणि डावं मागचं एका सर्किटवर, म्हणून व्हॉल्व्ह दोन.) उपाय एकच होता: मूळचे ड्रम ब्रेक परत, व्हॉल्व्ह परत, नवं ब्रेक ऑइल, चारही चाकांच्या ब्रेक लाइनमधली हवा काढणं.

तपासायचं असेल तर रिकाम्या मैदानात जमीन ओली करा, गाडीत एकटा ड्रायव्हर, वेग 30, जोरात ब्रेक, आणि लांब बाजूला उभं राहून कुणीतरी बघायचं. मागचं चाक आधी थांबलं तर गाडी रस्त्यावर नेऊ नका. ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर बहुतेक दुसऱ्या बाजूच्या कॅलिपरची पिन जाम असते. मागच्या ड्रममध्ये व्हील सिलिंडर गळून लायनरला (ड्रमवर घासणाऱ्या पट्टीला) तेल लागलेलं सापडतं. असे लायनर पेट्रोलने पुसून परत बसवू नका, दोन्ही बाजूंचे बदला. ब्रेक ऑइल दर 2 वर्षांनी. डॉट 3 (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) नवं असताना किमान 205 अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी शोषल्यावर ती हद्द 140 वर येते.

आंबा किंवा कुंभार्ली घाटात भरलेली गाडी रोज उतरवत असाल तर मोठ्या पुढच्या डिस्कचा फायदा होतो, कारण त्या उशिरा तापतात. पण दुसऱ्या गिअरमध्ये उतरलात तर तोच फायदा फुकट मिळतो. 2019 नंतरच्या गाड्यांत मागचा दाब एबीएसच सांभाळतं, तिथे हात घालू नका.

डिस्कचे पैसे टायरवर घाला. चार जमत नसतील तर दोन घ्या आणि ते मागे टाका. दुकानदार "इंजिनची ओढ पुढच्या चाकांना आहे, नवे पुढेच" म्हणेल. ऐकू नका. उसाच्या हंगामात मिरज रस्त्यावर ट्रॉल्यांमागचा चिखल ओला झाला की पुढचं घसरलेलं पाय उचलून सावरता येतं, मागचं घसरलेलं बहुतेकांना सावरत नाही.