आधी बेल्ट ओढून बघ

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. 'नवी घेऊ की जुनी' असं विचारून खाली तीन गाड्यांचे फोटो पाठवलेस, आणि तिन्ही लाल. म्हणजे रंग ठरलाय, बाकीचं ठरायचंय.

कागलच्या एमआयडीसीला तुला कंपनीची बस नेते-आणते. गाडी निघणार रविवारी, आई-बाबांना जोतिबाला न्यायला नाहीतर मामाकडे गडहिंग्लजला. लायसन्स हातात येऊन चार महिने झालेत. महाद्वार रोडला एकदा गाडी घातलीस की पहिला ओरखडा ठरलेलाच. रोज निपाणीला ये-जा असती तर मीच तुला शोरूमला घेऊन गेलो असतो.

शोरूमची किंमत 7 लाख धर. पेट्रोल गाडीला आपल्याकडे 11 टक्के रोड टॅक्स, म्हणजे 77 हजार. वर इन्शुरन्स. हातातले दोन लाख घालूनही 6 लाखांचं कर्ज राहतं. 9 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी हप्ता साडेबारा हजारांच्या घरात. तुझ्या पगारात बसेल, पण घट्ट बसेल. आणि चार वर्षं झालेल्या गाडीची किंमत विमावाले नव्याच्या निम्मीच धरतात. बाजारात थोडे जास्त मिळतात, तो भाग वेगळा.

एक मात्र आहे. सप्टेंबर 2025 मध्ये लहान गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला. जुनी विकणारे तरी आधीच्या किमतीवरून भाव सांगतात. त्यांच्यासमोर नव्या गाडीचं आजचं कोटेशन ठेव आणि गप्प बस.

तर माझं मत जुनीचं, चार-पाच वर्षं वापरलेली, पेट्रोल. पण कोल्हापुरात जुनी गाडी म्हटली की मला आधी पंचगंगेचा पूर आठवतो.

माझाच किस्सा सांगतो. चाळीस वर्षं उद्यमनगरात लेथवर काढली, लोखंड वासावरून ओळखतो असा माझा तोरा. 2020 च्या दिवाळीत एका एजंटाकडून 2017 ची डिझेल घेतली. सीट कव्हर नवं, आत मोगऱ्याचा घमघमाट. पावसाळ्यात काच आपोआप खाली यायला लागली, मग हॉर्न मधेच वाजायला लागला. वायरिंगवाल्यानं कार्पेट उचललं तर खाली गाळ, वाळून भेगा पडलेला. 2019 च्या महापुरात ती चार दिवस पाण्यात होती. पैसे गेले ते गेले, पण 'वासावरून ओळखता ना?' हे तुझ्या काकूनं अजून सोडलेलं नाही.

म्हणून गाडीत बसलीस की आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढ. एरवी आत गुंडाळून राहणारा शेवटचा हातभर पट्टा बघ. बाहेरून गाडी कितीही धुतली तरी तिथं चिखलाची फिकी रेघ राहते. बेल्टवर तारखेचं लेबल असतं. गाडी 2018 ची आणि बेल्ट 2021 चा निघाला तर का बदलला ते विचार. मग स्टेपनीचा खड्डा, सीटखालच्या पट्ट्यांचा गंज. 2021 लाही पूर आला होता, शिरोलीजवळ हायवेवर पाणी होतं, हे विसरू नकोस. सांगलीची गाडी असली तरी हेच.

पॉलिसी मागून घे आणि त्यावरचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल विम्याच्या हप्त्यात मिळणारी सूट, वाच. चार वर्षं क्लेम नसेल तर तो 45 टक्के हवा. 20 दिसला तर मधे काहीतरी झालंय. हा बोनस मालकाचा असतो, गाडीबरोबर तुला मिळत नाही.

कागदाचं फार लिहीत नाही. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म 35. 'नावावर नंतर करू' म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लाव. केए, म्हणजे कर्नाटक पासिंग स्वस्त दिसली तरी नको, इथला टॅक्स भरण्यात ती स्वस्ताई जाते.

त्या तीनपैकी नागाळा पार्कातली मला बघायचीय. रविवारी सकाळी सातला येतो, टॉर्च मी आणतो. पन्हाळ्याच्या चढाला घालून बघू, वाघबिळाच्या पुढं क्लच खरं बोलतो. मालकाला तेवढा फोन करून ठेव, आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका म्हणावं. गार इंजिन बघायचंय.

तुझा काका