कार्डिॲक रिहॅबमध्ये, म्हणजे हृदयरुग्णांच्या व्यायाम-पुनर्वसन कार्यक्रमात, सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीत (सहा मिनिटांत रुग्ण किती अंतर चालतो ते मोजतात) एकाच रुग्णाचे आकडे वेगवेगळे का येतात?

बहुतेकदा दोष रुग्णाचा नसतो, पद्धतीचा असतो. मार्ग सरळ, सपाट, 30 मीटरचा हवा. 15 मीटरच्या पॅसेजमध्ये वळणं दुप्पट होतात आणि अंतर घटतं. आधी 10 मिनिटं खुर्चीत विश्रांती. मग नाडी 120 च्या किंवा रक्तदाब 180/100 च्या वर निघाला तर चाचणी पुढे ढकला.

सगळ्यात जास्त चुकतं ते बोलण्यात. "चला, अजून जोरात!" म्हटलं की अंतर वाढतं. दर मिनिटाला ठरलेलं वाक्य, त्याच सुरात, बस्स. शेजारून चालूही नका, रुग्ण तुमची गती पकडतो.

सरावानेच दुसऱ्या खेपेला आकडा वाढतो. म्हणून कार्यक्रमाआधी, मध्ये किमान अर्धा तास विश्रांती देऊन, चाचणी दोनदा घ्या आणि मोठं अंतर नोंदवा; नाहीतर ती वाढ व्यायामाच्या खात्यावर जमा होते.