प्रासंगिक करार : पोरीची उंची, पाण्यातली पोत आणि बहिरमचा पाळणा

नमस्कार मंडळी. ‘पोरांना घेऊन कुठं जावं’ यावर गेल्या अंकात पत्रं मागवली होती. डाक बरीच आली, जागा थोडी आहे. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो की मी परतवाडा आगारात 29 वर्षं एसटी चालवली आणि त्यातले निम्मे हिवाळे प्रासंगिक करारावर गेले. म्हणजे सहलीला, लग्नाला, देवदर्शनाला अख्खी गाडी भाड्यानं जाते ते. माणसं आत मजा करायला जायची आणि मी पार्किंगमध्ये, गाडीच्या सावलीत चवाळं अंथरून. त्यामुळं कोणत्याही ठिकाणाबद्दलचं माझं मत संध्याकाळी परत गाडीत चढणाऱ्या चेहऱ्यांवरून झालेलं आहे, हे ध्यानात ठेवून वाचा.

प्रश्न : सोयाबीन विकलं की इमॅजिकाला नेतो, असं मुलीला बोलून बसलो. तिनं ते मोबाइलवर पाहिलं आहे. मुलगी चौथीत, मुलगा साडेपाच वर्षांचा. सोबत आई, वय 68, गुडघे दुखतात. एवढ्या लांब जावं का?
— एक शेतकरी वाचक, दिग्रस तालुका

भाऊ, बोलून बसलात ना, मग न्यावं तर लागेलच. कुठं आणि कधी, तेवढंच पाहू.

इमॅजिका हे मोठ्या झुल्यांचं पार्क खोपोलीजवळ, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या बाजूला आहे. 2013 साली सुरू झालं. दिग्रसहून पाचशे किलोमीटरच्या वर. एक रात्र जाण्यात, एक येण्यात आणि मधला दिवस रांगेत. पण मला अंतरापेक्षा मोठी शंका उंचीची आहे. आज रात्री पोरीला चप्पल काढून दाराच्या चौकटीला उभी करा आणि टेप लावा. मोठ्या रोलर कोस्टरला 130-140 सेंटिमीटरच्या आसपास उंची मागतात. चौथीतली पोरगी त्यात बहुधा बसत नाही. मोबाइलवर तिनं जे पाहिलं असेल, ते नेमकं तेच झुले असणार.

असं एक पोरगं मी पाहिलं आहे. मोठ्या पार्कच्या तिकीट खिडकीजवळ उंचीची पट्टी रंगवलेली असते, तिथवर मलाही जाता यायचं. बापानं पोराच्या दोन्ही बुटांत रुमाल कोंबले होते आणि वर पोरगं चवड्यांवर उभं. शिपाई एक शब्द बोलला नाही. वाकला आणि त्याच्या टाचेखाली बोट घातलं. पोरगं खाली आलं तसं चार बोटं कमी भरलं. परतीच्या प्रवासात ते मागच्या बाकावर बसलं आणि नांदुऱ्यापर्यंत कोणाशी बोललं नाही.

शिपायाचा राग येतो, पण त्याचं बरोबर असतं. मांडीवर किंवा खांद्यावर येणारा तो लोखंडी आडणा ठरावीक मापाच्या शरीरासाठी केलेला असतो. बारकं लेकरू त्यातून निसटू शकतं. वय विचारत नाहीत, उंचीच विचारतात, ते यामुळं.

तो झुला चालतो कसा, हे मी एका पार्कच्या मेकॅनिकला चहा पाजून विचारलं होतं. पहिल्या चढावर साखळी गाडी ओढून नेते. त्यापुढं बहुतेक कोस्टरला इंजिनच नसतं, सगळी धाव त्या पहिल्या उंचीच्या जोरावर. म्हणून पहिला चढ सगळ्यांत उंच ठेवतात. चिखलदऱ्याच्या घाटात आम्ही गाडी न्यूट्रल करून उतरवली असती तर निलंबित झालो असतो, इथं त्याचेच पैसे घेतात! चढताना जो टक-टक-टक आवाज येतो, तो बिघाड नसतो. साखळी तुटलीच तर गाडी मागं घसरू नये म्हणून खाचांत पडत जाणारी ती खिट्टी. चाकं रुळाच्या वर, बाजूला आणि खालूनही असतात. खालून धरणाऱ्या चाकाचं पेटंट जॉन मिलर नावाच्या अमेरिकन माणसानं 1919 मध्ये घेतलं, त्यामुळं गाडी उलटी झाली तरी रूळ सोडत नाही. आणि ब्रेक गाडीत नसून रुळावर असतो. हे ऐकून माझ्यातला ड्रायव्हर दोन दिवस अस्वस्थ होता.

तर माझा सल्ला असा की इमॅजिका दोन वर्षं पुढं ढकला आणि चौकटीवर आजची खूण करून ठेवा. यंदा हैदराबादला जा. यवतमाळ जिल्ह्यातली माणसं मौजेसाठी कायम मुंबई-पुण्याकडंच तोंड करून बसतात. तुम्हाला पांढरकवडा-आदिलाबादवरून 44 नंबरचा महामार्ग सरळ आहे आणि हैदराबाद खोपोलीपेक्षा शंभराच्या वर किलोमीटरनं जवळ पडतं. तिथली रामोजी फिल्म सिटी 1996 ची. जगातलं सर्वांत मोठं स्टुडिओ संकुल म्हणून गिनीज बुकात नोंद आहे. तिथं बसमध्ये बसवून सेट दाखवतात, त्यामुळं मायच्या गुडघ्यांची सोय होते, आणि लहान पोरांचे झुलेही आहेत. जाताना आपली एसटी असेल तर राज्याच्या हद्दीपर्यंत बायकांना अर्धं तिकीट आहे, 2023 च्या मार्चपासून.

जेवणाचं मात्र दारावरच विचारून घ्या. अशा ठिकाणी बाहेरचं खाणं सहसा आत नेऊ देत नाहीत. हातावर शिक्का मारून पुन्हा आत घेत असतील तर दुपारी बाहेर या आणि शिदोरी सोडा. भाकर, ठेचा, तिळाची चटणी. किती घरचा ठेचा मी पार्किंगमध्ये खाल्ला याचा हिशेब नाही.

एक मात्र करू नका. ‘एवढ्या लांब कशाला, शेगाव करून येऊ’ असं म्हणून पोरीची समजूत घालू नका. शेगावला जरूर जा, वेगळं जा. पोरगी झुला मागते तेव्हा तिला देऊळ दाखवलं की ती देवावर रुसते.

प्रश्न : वॉटर पार्कच्या दारावर आमचे सुती कपडे चालणार नाहीत म्हणाले आणि नायलॉनचे कपडे भाड्यानं घ्यायला लावले. ही लूट नाही का? सासूबाई तर साडीतच होत्या, त्या काठावर बसून राहिल्या.
— एक वाचक भगिनी, दर्यापूर तालुका

भाड्याचा दर लुटीचा असू शकतो, नियम लुटीचा नाही. सुती कापडाचे धागे पाण्यात सुटतात आणि गाळणीत जाऊन बसतात. एका दिवसात शेकडो माणसं त्याच पाण्यात उतरतात, ते पाणी फिरवून, गाळून, औषध टाकून पुन्हा वापरतात. गाळणी तुंबली की सगळं बिघडतं. शिवाय घसरगुंडीच्या जोडात पदर किंवा ओढणी अडकली तर जिवाशी गाठ. तुमच्या आठवडी बाजारात नायलॉनची लांब पँट आणि टी-शर्ट मिळतो, सासूबाईंच्या मापाचाही. घरूनच घेऊन जा. त्या ‘काय शोभतं का मले’ म्हणतील. आत गेल्यावर त्यांच्या वयाच्या चार जणी तशाच दिसल्या की विसरतील.

आणि गळ्यातलं घरी ठेवा. एकदा आमच्या गाडीतल्या एका बाईची काळ्या मण्यांची पोत लाटांच्या तलावात तुटली. कंबरेएवढं पाणी, वर भोंगा वाजलेला, लाटा सुरू. सोन्याच्या दोन वाट्या सापडल्या. मणी सापडेनात. बाई म्हणाली, मण्यांशिवाय घरी जाणार नाही. पंचेचाळीस माणसं दीड तास गाडीत बसून, आणि तिचा नवरा ओल्या पँटीत पार्कच्या ऑफिसात अर्ज लिहितोय. शेवटी तळेगावजवळ रस्त्यावरच्या दुकानात गाडी थांबवून दहा रुपयांची काळी पोत घेतली, तेव्हा कुठं ती जेवली.

प्रश्न : आमची जिल्हा परिषदेची शाळा, 41 मुलं. पालक फार पैसे देऊ शकत नाहीत. एका दिवसाची सहल नागपूरला काढायची आहे. काय दाखवावं?
— एक शिक्षक, चिमूर तालुका

गुरुजी, आधी गाडीचं. शाळेच्या सहलीला एसटीच्या प्रासंगिक करारात 50 टक्के सवलत आहे. शिक्षण विभागाची परवानगी आणि पालकांची संमतीपत्रं तयार ठेवून दिवाळीनंतर लगेच आगारात जा. डिसेंबरात गेलात तर गाडी मिळत नाही आणि मग शिव्या आम्हाला.

चिमूरच्या पोरांना वाघ दाखवायला नागपूरच्या प्राणिसंग्रहालयात नेऊ नका. तुमच्याकडं तो धुऱ्यावर येतो. रमण विज्ञान केंद्र दाखवा. ते 1992 सालचं, आत तारांगण आहे आणि पोरांना हात लावता येतो अशी यंत्रं आहेत. दुसरं, मोतीबागेतलं नॅरोगेजचं रेल्वे संग्रहालय, 2002 सालचं. अडीच फुटांच्या रुळावरची इंजिनं. मुलं बागेतल्या खेळण्यातल्या रेल्वेला रेल्वे समजतात. आपल्या भागात माणसं आणि कापूस वाहणारी रेल्वे तेवढ्याच रुळावरून धावत होती, हे तिथं कळतं. आमची अचलपूर-मूर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला त्यातलीच. दोनच ठिकाणं. तिसरं घुसवलं की एकही धड होत नाही, आणि उमरेडच्या आतच ओकाऱ्या सुरू होतात. सोमवार टाळा, बरीचशी संग्रहालयं बंद असतात.

पैसे उरले तर मेट्रो. नागपुरात ती 2019 पासून आहे. 2020 च्या फेब्रुवारीत आमच्याकडच्या एका शाळेसोबत मी सीताबर्डी स्टेशनवर गेलो होतो. तिथल्या सरकत्या जिन्यापुढं आठवीतली एक पोरगी अडली. पाय उचलायची, पायरीवर न्यायची, मागं घ्यायची, पुराच्या नाल्यात दगड शोधावा तशी. मागं रांग खोळंबली. मॅडम वर पोचलेल्या, वरून हाका मारताहेत. शेवटी तिच्या मैत्रिणीनं चप्पल हातात घेतली, तिचा दंड धरला आणि दोघी डोळे मिटून चढल्या. वर गेल्यावर ती पोरगी शेजारच्या जिन्यानं खाली आली आणि परत वर गेली. मग खाली. मग वर. अठ्ठावीस पोरं तिच्या मागं. विज्ञान केंद्रातलं काय आठवतं, असं मी परतीत विचारलं. सगळे जिन्यावरच बोलत होते.

मोजणी मात्र चढताना करू नका, बसल्यावर बाकाबाकानं करा. चढताना पोट्टे दोनदा मोजले जातात.

प्रश्न : मी पुण्यात राहते, माहेर चांदूर बाजारचं. मुलांना बहिरमची यात्रा दाखवायची आहे. नवरा म्हणतो, यात्रेतले झुले धोक्याचे असतात.
— एक माहेरवाशीण

ताई, जावईबापूंचं अगदीच चुकलेलं नाही. पार्कातला झुला एका जागी पक्का असतो, यात्रेतला दर महिन्याला खोलून दुसरीकडं जोडतात. म्हणून बसण्याआधी दहा मिनिटं नुसतं उभं राहून बघा. पाळण्याच्या पायाखाली जाड लाकडी फळ्या सारख्या बसल्यात की विटांचे तुकडे कोंबलेत? पाळण्याच्या दाराला खिट्टी आहे की सुतळी? चालवणारा माणसं समोरासमोरच्या पाळण्यांत वजन पाहून भरतो की एकाच बाजूनं भरत सुटतो? तिसरं सगळ्यांत महत्त्वाचं. नीट भरणारा माणूस दिसला तर माझा त्याच्यावर विश्वास बसतो. जनरेटरचा पट्टा उघडा असेल तर तिकडं पोरांना फिरकू देऊ नका, आणि ओढणी-वेणी बांधून ठेवा.

एकदा रात्री नऊला एका पाळण्याचं डिझेल संपलं. वर लटकलेल्या पाळण्यात नवं लगन झालेलं जोडपं. डिझेल आणायला पोरगा सायकलवर गेला, पाऊण तास लागला. पुसाचं थंड, सातपुड्याचा वारा. खालून तिची सासू ओरडते, ‘काऊन बसले बाप्पा वर, उतरा ना!’ जणू त्यांच्याच हातात होतं.

मुलांना सांगा, असला मोठा पाळणा पहिल्यांदा 1893 मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात फेरिस नावाच्या इंजिनिअरनं उभा केला. 264 फूट उंच, 36 डबे आणि एकेका डब्यात 60 माणसं, म्हणजे एका पाळण्यात आपल्या चाळीसेक एसट्या. बहिरमचा त्याच्यापुढं लेकरू. आमच्या लहानपणी तर चार पेट्यांचा लाकडी असायचा आणि एक माणूस हातानं फिरवायचा.

यात्रा 20 डिसेंबरला सुरू होते आणि जानेवारीभर चालते. शनिवार-रविवार सोडून या. मौत का कुआँ दाखवा, गाडी वेगानं भिंतीला कशी चिकटते ते पोरं विसरत नाहीत, आणि मीही दरवर्षी पाहतो. मग शेतात बसून रोडगे खा, मडक्यातलं मटण खा. जावईबापू शाकाहारी असतील तर रोडग्यांसोबत वांग्याची भाजी आहेच. मटणाच्या हंडीपुढं झुल्याचा धोका त्यांच्या ध्यानातही राहणार नाही.

प्रश्न : आजोबा, तुम्ही स्वतः कधी झुल्यात बसले का?
— सहावीतला वाचक, वरुड तालुका

नोकरीत असताना एकदाही नाही, बेटा. गाडी सोडून जाता येत नसे, आणि दिवसभर स्टिअरिंग फिरवल्यावर कोणी आपल्याला फिरवावं असं वाटतही नसे.

निवृत्तीनंतर नातीला घेऊन एका पार्कात गेलो. मोठ्या झुल्याच्या पट्टीला ती 117 सेंटिमीटर भरली. शिपाई ‘नाही’ म्हणाला. मी वाद घातला नाही, टाच मी स्वतःच पाहिली होती. मग आम्ही दोघं लहान मुलांच्या मोटारीत बसलो, रुळावरून गोल फिरणाऱ्या. माझे गुडघे हनुवटीला लागत होते. समोर लाल स्टिअरिंग होतं, म्हणून सवयीनं हात गेला. वळण आलं तसं मी वळवलं. मोटार वळली, पण जरा आधीच. पुढच्या वळणावर मी उलटं वळवून पाहिलं. तरी ती आपल्या वाटेनंच गेली.

नात माझ्याकडं बघत होती. म्हणाली, ‘आबा, हात काढा. ते खोटं हाय.’

मी हात काढले नाहीत. तीन फेऱ्या होईपर्यंत धरून होतो.