पहिल्याच सेमिस्टरला गळणारी पोरं

प्रश्न: नमस्कार सर, मी धुळे जिल्ह्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरच्या फर्स्ट इयरला शिकवते. आश्रमशाळेतून, मराठी मीडियममधून आलेली आदिवासी मुलं-मुली आता ॲडमिशन घेतायत, पण दिवाळीनंतर त्यातली दोन-तीन तरी दिसेनाशी होतात. यंदा एक मुलगी जाताना म्हणाली, "मॅडम, मला कॉम्प्युटर जमणार नाही." काय करू?

उत्तर: मॅडम, ती मुलगी जे बोलली ते मीही बोललोय. व्हायवाला उत्तर डोक्यात असायचं आणि इंग्रजीत तोंडातून निघायचं नाही, आणि बाजूचा पोरगा शाळेपासून कोड लिहीत आलेला, त्यामुळे मला वाटायचं आपल्यात डोकंच कमी आहे. खरं म्हणजे तो दोन वर्षं आधी निघाला होता, एवढंच.

पोरांना आत आणायचे मार्ग आता बरेच झालेत. आयआयटींनी २०१८ पासून मुलींसाठी जादा जागा काढल्या, २०२४-२५ पासून आपल्याकडे ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींची फीही माफ झाली. पण आत आल्यावर वर्गात काय होतं त्याकडे कोण बघतंय?

कॅलिफोर्नियात हार्वे मड नावाचं छोटं कॉलेज आहे. २००६ च्या आसपास तिथे कॉम्प्युटर सायन्स घेणाऱ्यांत मुली जेमतेम १० टक्के होत्या, पुढच्या काही वर्षांत ४० टक्क्यांवर गेल्या. त्यांनी पहिल्या कोर्सचे दोन वर्ग केले, कधीच कोडिंग न केलेल्यांचा वेगळा आणि येणाऱ्यांचा वेगळा, शिकवायची प्रोग्रामिंगची भाषा बदलली, जावा काढून पायथॉन आणली, आणि जो पोरगा वर्गात सारखा आपलं ज्ञान पाजळायचा त्याला प्राध्यापक बाजूला घेऊन समजवायचे की तुझ्याशी बोलायला मला आवडतं, पण ते वर्गाबाहेर बोलू. कॉलेज श्रीमंत आहे हे खरं, पण यातल्या कशाला पैसे लागतात सांगा? तुमच्याकडे लॅबच्या बॅचेस रोल नंबरने पाडत असतील ना, त्या अनुभवाने पाडा. नवख्यांच्या बॅचला लूप, म्हणजे तेच काम कॉम्प्युटरकडून पुन्हापुन्हा करून घेणारा कोड, मराठीत समजवा, अहिराणीत समजवलंत तरी चालेल, पेपर इंग्रजीत लिहायचाय त्याची तयारी नंतर करून घेता येते.

दुसरं म्हणजे पैसे, आणि इथे मला खरंच राग येतो. शिष्यवृत्ती मंजूर असते पण खात्यात यायला उशीर होतो, मेसवाला थांबत नाही, पोरगं गावी जातं ते येतच नाही आणि आपण म्हणतो अभ्यास झेपला नाही. सरकारी वसतिगृहात जागा नाही मिळाली तर आदिवासी विकास विभागाची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना आहे, राहण्या-जेवणाचे पैसे थेट खात्यात येतात. मुलींसाठी एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची, प्रगती शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ५०,००० रुपये, उत्पन्नाची अट ८ लाख. फॉर्म तुमच्या लॅबमध्येच बसवून भरून घ्या, जातीचा, उत्पन्नाचा दाखला एकेकाचा स्वतः बघा, एका कागदापायी वर्ष गेलेली पोरं मी पाहिलीत.

आणि त्या मुलीचा नंबर असेल तर आज संध्याकाळीच फोन करा. विषय राहिले म्हणजे सगळं संपलं असं तिला वाटत असेल, परत कसं येता येतं ते तिला कुणी सांगितलंच नसेल.