नेम मोडला, आता परत कुठल्या तोंडाने सुरू करू?

ईस्टर उलटला की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, मोठ्या उमेदीने ठरवलेलं असतं की रोज बायबलमधलं एक स्तोत्र वाचायचं, फोनवर तक्ताही लावलेला असतो. ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारापर्यंत चार-सहा दिवस बुडालेले असतात आणि मग बायबल उघडायचीच लाज वाटू लागते.

जॅसिंता (नाव आणि घरचे काही तपशील बदलले आहेत) वसई पट्ट्यातल्या कोळी घरातली. आली होती झोपेची तक्रार घेऊन. बोलता बोलता म्हणाली, "मॅडम, खरं सांगू? माझी प्रार्थनाच बिघडलीय. पहाटे सहाला वाचायचं ठरवलं होतं, जमलं नाही. आणि वाचलं तरी मन भरकटतं. मग मी पहिल्या ओळीपासून परत सुरू करते. कधी कधी तेवढ्यातच अर्धा तास जातो."

मी तिला दिवस कसा जातो ते विचारलं. नवऱ्याची डोलीची होडी. डोल जाळं भरती-ओहोटीच्या ओढीवर चालतं आणि भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. आज होडी पहाटे चारला लागली, तर आठवड्याभरात ती वेळ सकाळी नऊच्या पुढे जाते. मासळी आली की निवडायची, बोंबील जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने वलांडीवर, म्हणजे वाळवायच्या मांडवावर, टाकायचे, उरलेलं बाजारात न्यायचं. या घरात "पहाटे सहा" अशी वेळ मुळी नसतेच. शहरातल्या नोकरदाराचा नेम तिने उचलला होता आणि तो जमत नाही म्हणून स्वतःला नास्तिक ठरवत होती.

मी म्हटलं, "जॅसिंताताई, घड्याळ सोडा. रोज न चुकता होतं असं काय?"

"वाट बघणं," ती लगेच म्हणाली. होडी निघाल्याचा फोन येतो तिथपासून ती धक्क्याला लागेपर्यंतचा वेळ. वेळ बदलते, पण वाट बघणं चुकत नाही. नेम तिथेच बांधायचा ठरला: फोन ठेवला की एक स्तोत्र. फोनमधलं नाही, कारण ओल्या हातांनी तो उघडत नाही, आणि उघडला तर आधी व्हॉट्सअ‍ॅप दिसतं. तिने मुलीच्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर स्तोत्रं स्वतःच्या हाताने उतरवली, पानं प्लास्टिकच्या पिशवीत घालून टोपल्यांजवळच्या खिळ्याला अडकवली.

स्तोत्रं कुठली घ्यायची, यावर आमचं बरंच बोलणं झालं. बायबलमधली १५० स्तोत्रं क्रमाने संपवायचा हट्ट मला पटत नाही. ११९व्या स्तोत्रात १७६ ओव्या आहेत, तिथे भल्याभल्यांचा नेम बुडतो. जुन्या मठांत दीडशेच्या दीडशे एका आठवड्यात म्हणत. १९६०च्या दशकातल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक चर्चनेच ती चार आठवड्यांवर पसरली. चर्च सवलत देतं, मग आपण का स्वतःला देऊ नये? आम्ही थोडीच निवडली: सकाळसाठी ५वं, रात्रीसाठी ४थं, जेमतेम तीन ओव्यांचं १३१वं, आणि १०७व्यातला समुद्राचा भाग. एकच स्तोत्र आठवडाभर.

तो समुद्राचा भाग तिने माझ्यासमोरच वाचला. गलबतं घेऊन खोल पाण्यात जाणारी माणसं, आभाळाला भिडून खाली कोसळणाऱ्या लाटा, दारू प्यायल्यासारखे झोकांड्या खाणारे खलाशी, मग त्यांचा आकांत आणि शेवटी हवं ते बंदर. ती हसली. "हे लिहिणारा होडीत बसलेला होता."

पण तिची मूळ शंका वेगळीच होती. "हे तर दुसऱ्याचे शब्द. माझ्या मनातलं कुठे आहे यात?" मी तिला क्रूसावरच्या येशूची आठवण दिली. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" ही २२व्या स्तोत्राची पहिली ओळ. लूकच्या शुभवर्तमानातला "तुझ्या हाती माझा आत्मा सोपवतो" हा उद्गार ३१व्यातला. प्राण जाताना त्यानेही पाठ असलेलंच ओठांवर आणलं. आणि मनातलं म्हणाल, तर स्तोत्रांत राग, भीती, देवाशी भांडण सगळं आहे. १३वं तर "अजून किती काळ विसरणार मला?" असं विचारूनच सुरू होतं. ८८वं अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळही नाही. सासूवरचा राग घेऊन बसलात तरी चालेल, हे मी मुद्दाम सांगितलं, कारण तो होता.

बुडालेल्या दिवसांचं काय? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांवर केलेला सवयींचा अभ्यास २०१० मध्ये छापून आला. सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागतील, तर कुणाला २५४, असा त्यांचा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, असंही त्यात दिसलं. २१ दिवसांत सवय लागते हा मंत्र विसरलेलाच बरा. बुडालेलं स्तोत्र दुसऱ्या दिवशी भरून काढायचं नाही, दोन-दोन वाचायची नाहीत.

मन भरकटलं की पहिल्यापासून सुरू करणं मात्र मी पूर्ण बंद करायला लावलं. जिथे भान आलं तिथून पुढे. तिला ते आठवड्याभरात जमलं, म्हणून मी निश्चिंत झाले. सगळ्यांना जमत नाही. तासन्‌तास तेच शब्द परत म्हणणं, "नीट म्हटलं नाही, आता काहीतरी वाईट होईल" ही धास्ती, तेच पाप पुन्हा पुन्हा कन्फेशनमध्ये सांगणं, असं असेल तर त्याला भक्ती म्हणून सोडून देऊ नका. मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा आणि आपल्या फादरनाही सांगून ठेवा. येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोलाही स्पेनमधल्या मान्रेसात असताना अशाच शंकांनी हैराण झाले होते, तेव्हा यात लाज कसली?

झोप हळूहळू सुधारली. त्याचं श्रेय मी स्तोत्रांना देणार नाही, दुपारनंतरचा चहाही आम्ही तोडला होता.

जूनमध्ये अडचण आली. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होडी वर ओढलेली, म्हणजे वाट बघणंही नाही. तेव्हा स्तोत्र संध्याकाळच्या रोझरीच्या माळेआधी आणलं. सासूबाईंना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून जॅसिंता मोठ्याने वाचते. त्यांना रोज वादळाचंच हवं असतं आणि ही कंटाळलेली. मी सांगितलं, एक आठवडा त्यांच्या पसंतीचं, एक तुमच्या. त्यावर दोघींचं अजून पटलेलं नाही.