‘रिपोर्ट क्लीन आहे सर’ : जुन्या स्पोर्ट्स कारचा व्यवहार आणि एक व्हॉट्सॲप मेसेज

पार्ल्याच्या एका वाचकाचं पत्र, थोडक्यात असं : ‘वकीलताई, चार महिन्यांपूर्वी वरळीच्या एका डीलरकडून जुनी पोर्शे केमन घेतली. मॅन्युअल गिअर, ३२ लाख. पंधरा वर्षं त्यासाठी पैसे बाजूला टाकत होतो. घेण्याआधी व्हॉट्सॲपवर विचारलं होतं की ओव्हर-रेव्ह रिपोर्ट (इंजिन मर्यादेपेक्षा जास्त वेगाने किती फिरलं याची गाडीच्या कॉम्प्युटरमधली नोंद) बघायला मिळेल का. उत्तर आलं, “रिपोर्ट क्लीन आहे सर, बिनधास्त घ्या.” गेल्या आठवड्यात सर्व्हिसिंगला दिली तेव्हा रिपोर्ट काढला. दुसऱ्या रेंजमध्ये (मर्यादेपलीकडच्या वेगाचा वरचा टप्पा) २१२ इग्निशन, त्यातली शेवटची नोंद १,६४८ तासांवर. इंजिनाचे एकूण तास १,७५०. डीलर म्हणतो, गाडी “जशी आहे तशी” दिली, खाली सही तुमचीच आहे. गाडी परत करून पैसे मिळतील का?’

आधी ज्या आकड्याने तुमची झोप उडवली आहे त्याच्याबद्दल बोलू. २१२ म्हणजे २१२ वेळा इंजिन ताणलं असं नाही. ती ठिणग्यांची संख्या आहे. सहा सिलिंडरच्या इंजिनात दर फेरीला तीन ठिणग्या पडतात. मिनिटाला ८,००० फेऱ्या धरल्या तर सेकंदाला ४०० ठिणग्या होतात. म्हणजे तुमचे २१२ सगळे मिळून अर्ध्या सेकंदाचे आहेत. बहुधा कुणीतरी पाचव्यातून चौथा टाकायला गेलं आणि गिअर दुसऱ्यात पडला. पहिल्या रेंजमध्ये नुसता ॲक्सिलरेटर दाबूनही जाता येतं, तिथे लिमिटर, म्हणजे इंजिनाचा वेग मर्यादेत ठेवणारी यंत्रणा, इंजिनाला आवरतो. दुसऱ्या रेंजमध्ये मात्र चाकंच इंजिनाला फिरवतात, आणि तिथे लिमिटरचं काही चालत नाही. स्प्रिंग मागे पडून व्हॉल्व्ह पिस्टनला लागू शकतो, कनेक्टिंग रॉडचे बोल्ट ताणले जाऊ शकतात. त्यामुळे कंप्रेशन आणि लीक-डाऊन (सिलिंडर दाब नीट धरतो का हे बघणाऱ्या), दोन्ही टेस्ट करून घ्या. त्या नोंदीनंतर इंजिन शंभर तास विनातक्रार चाललं आहे, ही चांगली खूण आहे. तुमच्यासाठी चांगली, पण ‘गाडीत दोष आहे’ एवढ्याच मुद्द्यावर केस उभी करायची असेल तर अडचणीची. टेस्ट ठीक आल्या, तर समोरचा वकील पहिल्याच तारखेला विचारेल की नुकसान कुठे आहे.

म्हणून तुमची केस इंजिनावर उभी करू नका. ती त्या मेसेजवर उभी करा.

१८७२ च्या करार कायद्यातल्या कलम १७ खाली घोड्याची उदाहरणं दिली आहेत. घोड्यात खोट आहे हे विकणाऱ्याला ठाऊक आहे, तो लिलावात काही न बोलता घोडा विकतो. ही फसवणूक नाही. पण घेणारा म्हणाला, ‘तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर घोडा धडधाकट आहे असं मी धरेन,’ आणि विकणारा गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलण्यासारखंच धरलं जातं. तुमचा डीलर तर गप्पही राहिला नाही. तुम्ही नेमका प्रश्न विचारलात आणि त्याने लेखी उत्तर दिलं. फोनवर विचारलं असतंत तर आज मी तुम्हाला यातलं अर्धंही सांगू शकले नसते.

आता ‘जशी आहे तशी’. माल विक्री कायद्याचं कलम ६२ गर्भित अटी करारातून वगळू देतं, आणि डीलर त्याच्याच आड उभा राहणार. पण कायद्याने आपोआप मिळणारी हमी वगळणं वेगळं आणि स्वतः केलेलं खोटं विधान त्या ओळीखाली झाकणं वेगळं. मला खरी काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. रिपोर्ट पाहून, खराब आहे हे कळूनही त्याने ‘क्लीन’ लिहिलं असेल, तर ती फसवणूक. रिपोर्ट न काढताच ठोकून दिलं असेल, तर तो म्हणेल की मला खरंच तसं वाटत होतं. तेही करार कायद्याच्या कलम १८ खाली चुकीचं निवेदन ठरतं, पण मग कलम १९ चा अपवाद आडवा येतो : साधारण काळजी घेऊन सत्य कळण्यासारखं असेल तर करार रद्द करता येत नाही. ‘टोकन देण्याआधी स्वतः रिपोर्ट का काढला नाहीत?’ हा प्रश्न तुम्हाला विचारला जाईल, आणि तो टोचेल. सक्रिय फसवणुकीला हा अपवाद लागत नाही. म्हणून डीलरला पाठवायच्या नोटिशीत पहिली मागणी एकच ठेवा : ज्या रिपोर्टवरून ‘क्लीन’ लिहिलंत तो हजर करा. तो काय दाखवतो किंवा काय दाखवत नाही, त्यावर पुढची दिशा ठरेल.

‘तो गिअर तुम्हीच चुकवला असेल,’ हेही ऐकावं लागेल. याला तुमच्या पत्रातच उत्तर आहे. तुम्ही लिहिता की ताबा घेतला तेव्हा मीटर ४१,२०० होतं, आज ४२,३०० आहे. ती नोंद तुमच्या हातून झाली असती, तर त्यानंतरच्या १०२ तासांत गाडी जास्तीत जास्त १,१०० किलोमीटर गेली असती, म्हणजे तासाला जेमतेम ११. तुम्ही गाडी काढता रविवारी पहाटे, लोणावळ्याला जायला. हा हिशोब ग्राहक आयोगातल्या कुणालाही पटेल, पण ताब्याच्या दिवशीचं मीटर रीडिंग कागदावर हवं. डिलिव्हरी नोट शोधा. (आयुष्यभराची सरासरी तासाला २४ येते. मुंबईत वापरलेल्या गाडीला ती शोभते, मीटर मागे फिरवल्यासारखं दिसत नाही.)

रिपोर्टची नुसती प्रिंट पुरत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं. वर्कशॉपकडून रिपोर्टवर चॅसिस नंबर, तारीख, किलोमीटर आणि काढणाऱ्याची सही घ्या. चॅट डिलीट करू नका, फोनही बदलू नका.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात करा. २०२१ च्या नियमांप्रमाणे मोबदला ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण तिथेच चालतं. दुकान वरळीत असलं तरी तुम्ही राहता तिथे दाखल करता येतं, म्हणजे तुमच्यासाठी वांद्र्याला. फी १,००० रुपये, मुदत दोन वर्षं. गाडी स्वतःच्या नावावर घेतलीत ते बरं केलंत, कंपनीच्या नावावर असती तर ‘व्यापारी हेतू’चा, म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही असा, वाद निघाला असता. ‘आम्ही नुसते मधले, गाडी मालकाची,’ असं डीलर म्हणेल. पैसे कुणाच्या खात्यात गेले आणि बिल कुणाच्या नावाचं, ते बघा. एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. ते त्याच्याकडे आहे का, हेही नोटिशीत विचारा. पोलिसात आत्ता जाऊ नका. दिवाणी बाब आहे म्हणून परत पाठवतील आणि महिना फुकट जाईल.

आजपासून गाडी चालवणं थांबवा. करार रद्द करायचा म्हणता आणि रविवारी घाटात जाता, हे एकत्र टिकणार नाही. बॅटरीला चार्जर लावून ठेवा, नोटीस याच आठवड्यात जाऊ दे. पैसे पूर्ण परत मागा आणि ते न झाल्यास किमतीतला फरक मागा. दुसरी मागणी मिळण्याची शक्यता जास्त आहे.

पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय की सरळ विकून मोकळं व्हावं का. विकू शकता, पण पुढच्या माणसाने तोच प्रश्न विचारला तर ‘क्लीन’ हे उत्तर तुम्हाला देता येणार नाही. त्याआधी हा रिपोर्ट दाखवून दोन डीलरांकडून लेखी भाव घ्या. तुम्ही दिलेले ३२ लाख आणि ते भाव यांतलं अंतर, हाच तुमच्या नुकसानीचा पुरावा आहे.